विसरलेला दोडामार्ग

प्रिय बाबल्या,

तू गेल्यावर तुला पत्र लिहीन असं कधी वाटलं नव्हतं. पण काल तुझ्यावर इतका जळलो, की आज ऑफिसला दांडी मारून लिहायला बसलोय.

चतुर्थीला गावी जाण्याआधी भांडुपच्या आपल्या मंडळात मुलांना आपला सिंधुदुर्ग सांगायचा, हे काम यंदा माझ्याकडे आलं. शेवटी! तुझ्या त्या खुर्चीवर माझा किती वर्षं डोळा होता, ठाऊक होतं ना तुला?

तू मालवणजवळ जन्मलास, तुला जिल्हा फुकट मिळाला. मी भांडुपचा. मला कुणी शिकवलं नाही. एसटीने एकटा फिरलो, विचारत गेलो. सावंतवाडीचे खेळणी रंगवणारे, वेंगुर्ल्याच्या काजूच्या बागा, देवगडच्या कातळावरचे हापूस, सगळं डोळ्यांनी पाहिलं. दोडामार्गला तर दोनदा गेलो. तू एकदा तरी पाय ठेवलास का रे तिथे?

म्हणूनच दरवर्षी तालुके सांगताना तू दोडामार्ग गाळायचास! मी मागून उभा राहायचो, "बाबल्या, आठ! दोडामार्ग राहिला!"

"अरे सुरेश, माका काय तलाठी होवचा आसा?"

सगळे हसायचे. बरोबर मी, आणि कौतुक तुझं! कसं सहन केलं, माझं मला माहीत.

काल मी आठही तालुके उत्तरेकडून क्रमाने सांगितले. दशावतारात रात्री राजा होणारा माणूस स्वतःचा चेहरा स्वतः रंगवतो आणि दिवसा शेतात राबतो, हेही सांगितलं. एकही चूक नाही. पोरं जांभया देत होती.

मग तुझी मनू म्हणाली, "काका, एक तालुका विसरा ना!"

"का गं?"

"बाबा मुद्दाम विसरायचे. जो आधी ओळखेल त्याला गूळ-आल्याचं खाजं. पण आम्ही तोंड उघडायच्या आत तुम्हीच ओरडायचात! मग बाबा सगळ्यांना वाटून टाकायचे."

सगळ्यांना? मग मला एक तुकडाही का नाही रे? दरवर्षी आधी ओळखणारा मीच ना!

कानात तरी सांगायचंस. मी गप्प बसलो असतो. खरं तर नसतो बसलो. तेही तुला माहीत होतं म्हणा!

मी पुन्हा पहिल्यापासून तालुके सांगायला लागलो. वैभववाडी, देवगड, कणकवली... सावंतवाडीला थांबलो. जीभ चावायची वेळ आली. आणि अख्खी खोली ओरडली, "दोडामार्ग!" मनूचा आवाज सगळ्यांत आधी. तुझी चूकसुद्धा माझ्या बरोबरला भारी पडली, बाबल्या. याचाच जास्त राग आहे.

काल खिशात खाजं नव्हतं. मनूचं एक उधार आहे. पुढच्या वर्षी मालवणहून आणीन, आणि एक तालुका नक्की विसरेन. पण दोडामार्ग नाही. ती चूक तुझी. मी वैभववाडी विसरेन.

अजून जळणारा,
तुझा सुरेश