चिंचेने घासलेल्या सुऱ्यांची व्यवस्था

मी, चंपतराव उकंडराव गावंडे, वय अडुसष्ट, पूर्वीचा धंदा कापसाची दलाली, राहणार इतवारी, नागपूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. दसऱ्यापासून झोपही ठिकाणावर आली आहे, तेव्हा आताच लिहिलेले बरे.

कलम १. इतवारीतले घर व नरखेडचा संत्र्यांचा बगीचा माझ्यामागे पत्नी रंभाबाई हिच्या ताब्यात राहतील. तिच्यानंतर मुलगे मधुसूदन व गोपाळ यांच्या समाईक मालकीचे. वाटणी करू नये.

कलम २. सुऱ्या. वकील मधुकरराव म्हणतात, "देतो" असे स्पष्ट लिहा. लिहिणार नाही. सुरी कोणी कोणाच्या हातात देत नाही. दिली की दोघांत भांडण होते. आपण खाली ठेवावी, दुसऱ्याने उचलावी. म्हणून मी त्या ठेवतो. कोर्टाने समजून घ्यावे.

लोक सोने घेत, मी लोहाराच्या हातच्या सुऱ्या घेत गेलो. पहिली नरखेडच्या कवडू लोहाराची. पारखही शिकलो. टिचकी मारून नाद ऐकायचा, पाते उन्हात धरून पोलादाचे पाणी पाहायचे, मुठीपाशी लोहाराचा ठसा शोधायचा. पण खरा भाव जुन्या पात्यावर चढलेल्या काळ्या झाकेला. तीच वयाची साक्ष. माझा साळा वामनराव चारचौघांत म्हणे, "लोक वावर घेते, आमचे भाऊजी सुऱ्या घेऊन राहिले!" मी म्हणे, ही माझी ठेव आहे, भाव चढेल.

चढला, आणि तीच पंचाईत झाली. मुंबईच्या एका जुन्या हत्यारांच्या व्यापाऱ्याने दसऱ्यानंतर माल पाहायला येतो म्हणून कळवले, अन् पोरांची डोकी फिरली.

"हस्तिदंती मुठीची मले पायजे."

"काहून? तू थोरला म्हणून?"

बघता बघता घरात दोन चुली झाल्या, भावाभावांचे बोलणे तुटले. कपाटाची किल्ली मी करदोट्याला बांधली. चोरांच्या भीतीने नव्हे, पोटच्या पोरांच्या. हे लिहिताना लाज वाटते.

खंडेनवमीला सुऱ्यांची पूजा असते. दरवर्षी त्यांना तेलाचे बोट मीच लावी. यंदा मन लागेना, म्हणून किल्ली हिच्याकडे देऊन झेंडू आणायला गेलो. परत येतो तो पाटावर सगळ्या सुऱ्या लखलखत होत्या! ठसेसुद्धा घासून सपाट.

"हे काय केलंस?"

"काळ्या पडल्या होत्या. चिंच अन् राख लावून घासल्या. देवापुढं काय काळं लोखंड मांडू?"

व्यापारी आला, एक सुरी उचलून पाहिली, म्हणाला, "सेठजी, ये तो कल की बनी लगती हैं." चहा पिऊन निघून गेला. पोरे एकमेकांकडे बघत राहिली. आधी गोपाळ हसला, मग मधुसूदनलाही हसू आवरेना. आयुष्यभराची ठेव बुडाली आणि मला कधी नव्हे इतके हायसे वाटले. दुसरी चूल हिने त्याच संध्याकाळी फोडली.

कलम ३. सुऱ्या यापुढे कुलपात नसाव्यात. ज्याला जी लागेल त्याने ती उचलावी, बगीच्यात कलमे करायला किंवा घरात भाजी चिरायला. हस्तिदंती मुठीच्या सुरीने कोहळे फार सुरेख चिरले जाते, हे मला आत्ता कळले. वामनरावाकरिता एक बोथट सुरी ठेवतो. धार त्याने आपल्या जिभेवर लावून घ्यावी.

कलम ४. कवडूची सुरी रंभाबाईची. ती पाटावर ठेवली तेव्हा ही म्हणाली, "मले कायले? विळी हाये ना." तरी उचलली. मग मी विचारले, काळ्या झाकेलाच भाव असतो, हे तुला ठाऊक होते का?

"मले दोन चुलींचा धूर ठाऊक होता," ती म्हणाली, आणि कांदा चिरायला बसली.

कलम ५. वापरून वापरून सुऱ्या पुन्हा काळ्या पडतील. नातवंडांच्या काळात पुन्हा कोणी भाव करायला येईल. यास्तव घरातली चिंच कधीही संपू देऊ नये.

येणेप्रमाणे वाचून, हसून सही केली.

चंपतराव उकंडराव गावंडे

साक्षीदार, आमच्यादेखत सही झाली:
मधुकरराव देवपुजारी, वकील
ताराचंद अग्रवाल, शेजारी

मुक्काम नागपूर, तारीख १४ ऑक्टोबर १९३८