दोन कप्पे, एक कॉम्प्रेसर

६ एप्रिल, रविवार
वहिनीने चूल वेगळी केली. म्हणजे शेगडीच, पण वेगळी. मागच्या पडवीत मांडली. सिलिंडर दादाने स्वतः उचलून नेला. कुणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं, निदान कुणाला काय झालंय ते तरी कळलं असतं.

निमित्त सगळ्यांना माहीत आहे. गुरुवारी लाइट गेली ती दुपारभर आलीच नाही. फ्रीजच्या वरच्या खणातलं म्हावरं सुटलं आणि त्याचं पाणी खाली वहिनीच्या लोण्याच्या पातेल्यात ठिबकलं. लोणी देवाच्या तुपासाठी साठवलेलं. दादा-वहिनी दोघंही माळकरी, दोन वर्षं झाली. आम्ही नवरा-बायको खाणारे. एका घरात, एका फ्रीजवर इतके दिवस कसंबसं निभलं.

सुरेखाचं एकच, "मी पिशवीला गाठ मारलेली व्हती." तिचा भाऊ खाडीवर मासे धरतो. बहिणीकडे येतो तेव्हा पाटी भरूनच येतो. आम्ही दोघं खाऊन खाऊन किती खाणार? म्हणून ते फ्रीजमध्ये.

९ एप्रिल, बुधवार
ड्युटीवरून आलो तर दादा अंगणात टेप घेऊन. दुसरं टोक वहिनीच्या हातात. विचारलं, काय मोजतोस? म्हणाला, "काय न्हाय. असंच."
असंच कुणी अंगण मोजतं का.
भिंत घालणार हे. आमच्या दिघाशीत घरं अशीच वेगळी होतात. आधी चूल, मग भिंत, मग लग्नपत्रिकेवर वेगवेगळी नावं. बाबा गेले तेव्हा मी शाळेत होतो, दादानेच मला... जाऊ दे.

१३ एप्रिल, रविवार
काल ड्युटीवर सुचलं. वळ गावच्या ज्या गोडाऊनमध्ये मी मेंटेनन्सला आहे तिथे दोन कोल्ड रूम आहेत. एकीत आइस्क्रीम, दुसरीत भाजी. दारं वेगळी, मधली भिंत जाड, बाहेर मशीन मात्र एकच. तिथे चालतं तर घरी का नाही चालणार?

एक पेटी. दोन कप्पे, दोन झाकणं. मध्ये असा जाड थर की इकडचा वाससुद्धा तिकडे जाऊ नये. कॉम्प्रेसर एक. लाइट गेली तरी दिवसभर बर्फ राहिला पाहिजे. लोणी त्यांच्या बाजूला, म्हावरं आमच्या बाजूला, मग कशाला हवी भिंत?

सु.ला सांगितलं. म्हणाली, "दोन फ्रीझर इकत आना की. सुटला प्रश्न."
म्हटलं, दोन फ्रीझर म्हणजे दोन घरंच झाली.
"आन एकाचे दोन कप्पे, म्हंजे काय झालं?"
तिचा प्रश्न इथे लिहून ठेवतो. पण पेटी करायची हे ठरलं.

१६ एप्रिल, बुधवार
कोल्ड रूमचं एक दार बदललं, त्याच्या जुन्या पॅनेलचे तुकडे सुपरवायझरला विचारून आणले. आत फोम, वर पत्रा. कॉम्प्रेसर टेमघरच्या अन्सारीकडून. फ्रीज-एसीत गॅस भरायचं त्याचं दुकान आहे, माझा जुना दोस्त. दोन कप्पे कशाला ते सांगितल्यावर मान खाजवत म्हणाला, "भाई, ये फ्रीझर बना रहा है या पंचायत बिठा रहा है?"
सामान पडवीत ठेवलं. वहिनीने शेगडीजवळचा झाडू उचलून बाजूला घेतला, एवढंच. हे काय म्हणून विचारलं नाही.

२० एप्रिल, रविवार
दिवसभर चित्र काढत बसलो. एका गोष्टीवर अडलोय.

तांब्याची नळी एकच. कॉम्प्रेसरकडून निघणार, एका कप्प्याभोवती वेढे घेणार, मग दुसऱ्याभोवती, मग परत. आधी कुणाच्या कप्प्याला वेढे घालायचे?

आधी म्हावऱ्याला घातले तर म्हावऱ्याला फिरून आलेलं गार वहिनीच्या लोण्याला. गॅस नळीत बंद असतो, त्याचा कशालाही स्पर्श होत नाही, हे मला कळतं. आयटीआयला हेच शिकलो. तरी पेन्सिल पुढे जाईना. गाराला कसलं सोवळं? नसतं. मग हात का थांबला?

शेवटी वहिनीचा कप्पा आधी काढला, आमचा नंतर. पंगतीत थोरल्यांना आधी वाढतात तसं. बरं वाटलं. का वाटलं, माहीत नाही.
सु. बघून गेली. "एका नळीसाठी सकाळपासून बसलाय? माझ्या माह्यारच्या म्हावऱ्यानं काय घोडं मारलंय तुमचं?"

२७ एप्रिल, रविवार
पेटी उभी राहिली. पत्रा धरायला कुणी नव्हतं, तर दादा आपणहून आला. मी भोकं पाडली, त्याने पत्रा धरला. शेवटी म्हणाला, "डावं झाकन जरा आखूड झालंय रं." बघितलं तर खरंच आखूड. डावा कप्पा त्याचाच. परत कापलं.
वाटलं, झालं, आता सगळं सुरळीत. तेवढ्यात हात धुता धुता म्हणतो, "इटांची गाडी येल पुढच्या म्हयन्यात. तुझी मोटारसायकल जरा आत लावत जा."
मग पत्रा का धरला?

१ मे, गुरुवार
सुट्टी. अन्सारी येऊन गॅस भरून गेला. दोन्ही कप्प्यांत पाण्याच्या पिशव्या टाकल्या. संध्याकाळी उघडलं. वहिनीच्या बाजूला दगड, हातोडीने फुटणार नाही असा. आमच्या बाजूला माठातलं पाणी बरं. सु. हसून हसून बेजार. मला नाही आलं हसू.

४ मे, रविवार
गॅस वाढवून पाहिला. आता दव परतीच्या नळीवर, थेट कॉम्प्रेसरपर्यंत, आणि तो कण्हतोय. आमचा कप्पा थोडा सुधारला, पण म्हावरं टिकेल असा नाही.

अन्सारीला फोन. तो म्हणाला, "पहला डब्बा सारी ठंडक खा जाता है. उल्टा कर. मछली को ज्यादा चाहिए, मक्खन को कम में चलता है." बरोबर आहे. हे मलाही कळायला हवं होतं. वर विचारतो, "उल्टा क्यों नहीं करता?"
सांगितलं का ते. मला वाटलं हसेल. हसला नाही. म्हणाला, "भाभी ने बोला क्या, पहले मेरा?"
नाही बोलली. मी विचारलंच नाही. वहिनीला लोणी ठेवायला जागा हवी का, हेसुद्धा तिला विचारलेलं नाही. महिनाभर तिच्याचसाठी पेटी बनवतोय. आमच्या घरात मोठ्यांना विचारत नाहीत, ओळखून करतात. असंच चालत आलंय. पण आता मी नक्की काय ओळखलं होतं?

८ मे, गुरुवार
नको ते झालं. सु.चा भाऊ सकाळीच पाटी घेऊन आला. कोळंबी आणि बोयटं. पाहुण्याला नाही कसं म्हणायचं? फ्रीजमध्ये ठेवायची आता हिंमत नाही, म्हणून आमच्या कप्प्यात ठेवली. दुपारी ड्युटीवरून येऊन बघतो तर नरम पडायला लागलेली. सु. म्हणाली वाया जाण्यापेक्षा तळते. तिला आठवलं नाही की आज एकादशी. (आठवलं नाही असं तिचं म्हणणं.)

तळणीचा वास पडवीत गेला. वहिनी दारात येऊन उभी राहिली. उपासाची. आत आली नाही, नुसती कढईकडे बघत उभी. बराच वेळ. मग गेली आणि दार लावून घेतलं.
संपलं, असं वाटलं. आता भिंत कुणी थांबवू शकत नाही. माझ्या ताटात कोळंबी होती, ती मी खाल्ली.

११ मे, रविवार
दादा भजनाला गेलेला. वहिनी पडवीत तांदूळ निवडत होती. जाऊन बसलो आणि एकदाचं विचारून टाकलं. वहिनी, लोण्याचा एवढा राग आला का? नळी आधी तुमच्या बाजूने घेतलीय, म्हावऱ्याचं काही तुमच्याकडे येत नाही.

तिला नळीचं काही कळलं नाही. मी परत समजावलं. तर म्हणाली, "भावोजी, लोन्याचं काय घेऊन बसलाव? लोनी काय, परत काढलं."
मग?
तांदूळ निवडत राहिली. मग खाली बघूनच म्हणाली, "मना म्हावरं लय आवडतं."

तिने निवडलेले तांदूळ एका कडेला लोटले.

"ह्यांची दारू सुटावी म्हनून ह्यांनी माळ घातली. एकटे न्हाय टिकनार म्हनून मी पन घातली. ह्यांची सुटली. माझं मातर सुटत न्हाय. वास आला का जीव कासावीस व्हतो. परवा त्या कढईत हात घातला असता मी. मी खाल्लं आन ह्यांना कळलं, तर हे म्हनतील, तू माळ सोडलीस, मग मी कशाला धरू? म्हनून भिंत. तुमच्यावर राग न्हाय."

कुणाला सांगायचं नाही, सुरेखालाही नाही, असं वर.

इथे लिहितोय ते सांगणं होत नाही, असं धरून चालतो. डोकं चालत नाहीये. मला वाटत होतं ती म्हावऱ्याला विटली म्हणून घर तुटतंय. तिला आवडतं म्हणून तुटतंय. आणि मी? महिनाभर खपून तिच्या शेगडीपासून चार पावलांवर म्हावऱ्याचं कोठार बांधतोय. जेवढं चांगलं बांधीन तेवढं वाईट. रडू आलं, वहिनीसमोरच. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला.

१८ मे, रविवार
तरी पेटी सोडवेना. अर्धवट काम डोळ्यासमोर बघवत नाही. अन्सारीने युक्ती सांगितली, नळीला सुरुवातीलाच फाटे फोडायचे. दोन तोंडं, एक वहिनीकडे, एक आमच्याकडे, एकाच वेळी. कुणी आधी नाही, कुणी नंतर नाही. दिवस गेला त्यात. संध्याकाळी दोन्ही बाजूंना दगड. कॉम्प्रेसरचा आवाजही येत नाही. मी बनवलेली ही पहिली गोष्ट, जी ठरवली तशी चालली. कशासाठी ठरवली होती ते मात्र आता धड सांगता येत नाही.

दादा आला, डावं झाकण उघडून आत वाकून बघितलं. "झकास झालंय," म्हणाला. मग थोड्या वेळाने, "पन नंदू, आमच्याकडं गोठवायसारखं हाय काय?"
खरंच, काय आहे? वरण, भाजी, भाकरी. रोजचं रोज संपतं.

२१ मे, बुधवार
विटा आल्या. अंगणात रचून ठेवल्यात. गवंडी सोमवारी.

सु. खूश आहे, पेटी चालली म्हणून. भावाला फोन करायचा म्हणते, "आता आनू दे की किती बी." म्हटलं, थांब. का? सांगता येत नाही. चिडली. "माझ्या माह्यारचं म्हावरं ठेवायला तुम्हीच पेटी केलीत, आन आता तुम्हीच नको म्हंता?" तिचंही खरं. भाऊ पाटी घेऊन येतो तेव्हा तिच्या तोंडावर जे दिसतं ते एरवी कधी दिसत नाही. तिला नाही म्हणू, की वहिनीला जाळत ठेवू? दोघींना पुरेल असं काही सुचत नाही. कप्पे दोन केले तरी.

२५ मे, रविवार
दुपारी सगळे आडवे झालेले. पेटीचं झाकण लागल्याचा आवाज आला. बाहेर आलो तेव्हा वहिनी पेटीकडून शेगडीकडे परत जात होती. पदराला हात पुसत.

डावा कप्पा उघडला. रिकामा. उजवा उघडला, आमचा. त्यात मधोमध तिचा स्टीलचा डबा. आत लोणी.

बाजू चुकली म्हणावं तर तिला डावं-उजवं चांगलं माहीत आहे. झाकणाच्या वेळी दादाने तिला दाखवलं होतं. मग काय समजायचं? देवाचं लोणी इथे ठेवलंय, आता इथे म्हावरं आणू नका? की आणलंत तरी चालेल, माझा डबा शेजारी राहील, मी बघते माझं?

तिच्याकडे बघितलं. ती कणीक मळत होती. विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात सु. फोन हातात घेऊन बाहेर आली. भाऊ लाइनवर. आज उधाणाला भरपूर गावलंय, आणू का विचारतोय.
वहिनीचे हात थांबले. मान वर केली नाही.
सु. माझ्या तोंडाकडे बघत उभी. गवंडी उद्या सकाळी येणार.
मी म्हटलं, "वहिनींना विचार."