नमुना क्रमांक सतरा

२ मार्च
घरमालक आले होते. पायात मोजे, त्यावर चपला. म्हणाले, मे अखेरीस करार संपतोय, जूनपासून भाडं पाच टक्के वाढवू, महिनाअखेरपर्यंत काय ते कळवा. चहा घेतला. बिस्किटं चार.

मला भाडं सांगायला आले! अख्ख्या जिल्ह्याचा घरभाड्यांचा अहवाल दर तिमाहीला जो लिहितो, त्याला! या गृहस्थांना स्वतःच्या चार भिंतींपलीकडचा बाजार कधी दिसलेला नाही. भाडी उतरणार आहेत. आठ टक्क्यांनी. आकडे अजून यायचेत, पण मला ते आधीच जाणवतं.

बायको म्हणाली, पाच टक्के काही जास्त नाही, सही करून मोकळा हो. पोरीची शाळा समोर, रस्ता ओलांडला की वर्ग. पुढच्या खोलीत माझी बारा मुलं शिकवणीला येतात. दुसरीकडे गेलो तर ती काय माझ्या मागे टेम्पोत बसून येणार आहेत?
हिला घर कळतं, बाजार कळत नाही. दोन्ही वेगळे विषय आहेत.

संकल्प: १) मालकांना उत्तर द्यायचं नाही. गप्प बसणाऱ्याची धास्ती वाटते. २) रोजनिशी रोज लिहायची. ३) बिस्किटांचा डबा वरच्या फळीवर.

१४ मार्च
मध्ये लिहिणं झालं नाही. कामाचा व्याप.
आज साहेबांनी विचारलं, तुम्ही आकडे आणता कुठून? चार वर्षं माझ्या अहवालावर सही करतायत आणि आज प्रश्न पडला. समजावलं. बाकीचे लोक जाहिरातीतला भाव उतरवून घेतात. जाहिरात म्हणजे थाप. मी गिऱ्हाईक बनून फोन करतो आणि खरा भाव काढतो. त्यासाठी तीन आवाज बसवले आहेत. निवृत्त मुख्याध्यापक (आधी खाकरणं), बदली होऊन आलेला बँक अधिकारी (कायम घाईत), आणि एकटी राहणारी मावशी (पातळ आवाज, अधूनमधून उसासा). मावशी सर्वांत सरस.
सराव घरी बाथरूममध्ये करतो. बाथरूमचं दार लाथ मारल्याशिवाय नीट लागत नाही, त्यामुळे बाहेर ऐकू जातं. मुलगी खिदळते. बायको रेडिओ मोठा करते. कलेची जाण कुणालाच नाही.

शेजारच्या टेबलावर आकडेबाई बसतात. नाव वेगळं आहे, पण काम आकडे भरण्याचं. त्या म्हणाल्या, अहो, एका घराला तुम्ही तीन-तीनदा फोन केलात, तर समोरच्याला वाटणार नाही का, गिऱ्हाइकांची रांग लागलीय म्हणून? त्यांना संशोधन म्हणजे काय ते समजावण्यात जेवणाची सुट्टी गेली. शेवटी, बरं बाबा, म्हणाल्या. पटलं.

१ एप्रिल
काल मुदत संपली. मालकांचा फोन नाही. घाबरले.
बायको म्हणाली, मी करते फोन. म्हटलं, खबरदार, डाव बिघडवशील. म्हणाली, डाव तू खेळ, पण घर माझं आहे हे लक्षात ठेव. घर मालकांचं आहे. पण वाद घातला नाही.

५ एप्रिल, सकाळी ११
मालक आले. बरोबर एक माणूस. रणरणतं ऊन आणि हातात छत्री. त्यानं सगळ्या खोल्यांचे मोबाईलवर फोटो काढले. खिडकीतून पाण्याची टाकी बघितली. बाथरूमचं दार लावून पाहिलं, लागलं नाही.
मला लगेच उमगलं. रंगकाम! बाजार पडायला लागला की मालक भाडेकरू टिकवायला घर रंगवून देतात. पुढची खोली फिकट पिवळी करा, असं मी छत्रीवाल्याला सांगितलं. तो मालकांकडे बघून बरं म्हणाला.
बायकोला म्हटलं, बघ, उत्तर न देण्याचा परिणाम. ती म्हणाली, रंगारी छत्री घेऊन येतो? आणि ब्रश न घेता?
हिला कशात चांगलं म्हणून दिसत नाही.

११ एप्रिल
नवी जाहिरात, आमच्याच भागातली. शाळेजवळ, दुसरा मजला, दोन खोल्या आणि हॉल, हवेशीर. अहवालात नमुना क्रमांक सतरा. पत्ता नाही, कारण पत्ता दिला की लोक थेट मालकाकडे जातात आणि दलाल बसतो हात चोळत.
मुख्याध्यापकांच्या आवाजात फोन केला. दलाल म्हणाला, गुरुजी, घर एक नंबर, खिडकीतून पाणी दिसतं. बाथरूमच्या दाराला तेवढी लाथ लागते, ते करून घेऊ. विचारलं, रिकामं आहे का? म्हणाला, एक जण राहतोय, पण त्याला काढतोय. बाई चांगल्या आहेत हो, तो माणूस जरा जड आहे. मला रंग सांगत होता.
असल्या भाडेकरूंमुळे आमच्यासारख्यांचं नाव खराब होतं.
मागणी: आमच्या भाड्यापेक्षा सहा टक्के जास्त. मनात हसलो. कोण मूर्ख देणार?
टीप: बाथरूमच्या दारांची समस्या बहुधा जिल्हाभर आहे. अहवालाला परिशिष्ट जोडावं.

१८ एप्रिल
सतरा नंबरचा भाव तपासला. बँक अधिकारी म्हणून. दहा टक्क्यांवर गेलाय! कारण विचारलं, तर दलाल म्हणतो, एक मुख्याध्यापक हात धुऊन मागे लागलेत.
शिक्षणक्षेत्राची ही अवस्था. आयुष्यभर मुलांना गणित शिकवलं आणि स्वतःला टक्केवारी कळत नाही.

२५ एप्रिल
आज मावशी. सतरा नंबर चौदा टक्क्यांवर. म्हणे बँकेतला कुणी साहेब इतका घाईत आहे की घर न बघता घेईल. बँकांत काय माणसं भरतात आजकाल!
बाजार किती ताणला जातो ते पाहायला मावशीनं दोन टक्के वर द्यायची तयारी दाखवली. उसासा इतका जमला की दलाल म्हणाला, मावशी, रडू नका, तुमच्यासाठी शब्द टाकतो.

४ मे
सतरा नंबर बावीस टक्के! मुख्याध्यापक आणि मावशीत चुरस लागलीय, असं दलालानं बँक अधिकाऱ्याला सांगितलं. अडाणी लोक, अडाणी बाजार. अहवालात लिहिलं: शाळा परिसरात अभूतपूर्व मागणी, भाड्यांत बावीस टक्के वाढ.
आकडेबाई म्हणाल्या, मार्चमध्ये तर तुम्ही आठ टक्के उतार म्हणत होतात. म्हटलं, तो उरलेल्या जिल्ह्याबद्दल होता.
बायकोनं विचारलं, शाळेजवळ बावीस वाढले, मग आपण शाळेपासून लांब राहतो का? म्हटलं, आपले मालक अहवाल वाचणाऱ्यांतले नाहीत.

१२ मे
अहवालातला मजकूर वर्तमानपत्रात आला. पान सहा, खाली डावीकडे. दहा अंक विकत घेतले.

१५ मे, संध्याकाळ ६
मालक आले. हातात पान सहा. वाचतात.
मागे छत्रीवाला. तो दलाल निघाला. पुढच्या खोलीत शिकवणी चालू होती, म्हणून स्वयंपाकघरात उभ्यानंच बोलणं झालं. मालक म्हणाले, बावीस टक्के द्या, नाही तर एकतीस तारखेला घर रिकामं करा. आकडा माझा नाही, तुमचाच छापलेला आहे. आणि माझ्याकडे लोक थांबलेत. एक मुख्याध्यापक, एक बँकवाले आणि एक बिचारी मावशी.
मी खाकरलो.
छत्रीवाल्यानं मान वर केली. म्हणाला, तुमचा आवाज कुठं तरी ऐकलाय.
पुढे बोललो नाही. घसा बसलाय.

१७ मे
आत्मपरीक्षण केलं. पद्धत बरोबर होती. नमुना चुकीचा होता. नमुना कुठे राहतो हे मला कुणी सांगितलं नाही.

१९ मे
आसपास चार घरं पाहिली. स्वतःच्या आवाजात. चौघांनीही पान सहा कापून ठेवलंय. परवडणारं एक सापडलं, पण शाळेपासून दोन बस लांब. तिथल्या मालकीणबाई म्हणाल्या, बारा मुलं? माझ्या जिन्यावरून? छे हो.
घरी आलो तर मुलीनं पुस्तकं खोक्यात भरली होती. खोक्यावर तिनं नाव लिहिलं होतं, पत्त्याची जागा कोरी. माझं जेवण झाकून ठेवलं होतं. बायको वह्या तपासत होती.

२१ मे
बायको एकटीच मालकांकडे जाऊन आली. जे कानावर आलं ते लिहून ठेवतो.
ती म्हणाली, ते मुख्याध्यापक, बँकवाले आणि मावशी, तिघांपैकी कुणीही घर घ्यायला येणार नाही. मालकांनी विचारलं, तुम्हाला काय ठाऊक? ती म्हणाली, तिघांचे कपडे मीच धुते.
मालकांना समजायला थोडा वेळ लागला म्हणे. समजल्यावर त्यांनी छत्रीवाल्याला फोन लावला आणि त्यालाही ऐकवलं. दोघे इतके हसले की मालकांच्या पत्नी आतून बाहेर आल्या. मग त्यांनाही सांगितलं.
घर राहिलं. दहा टक्के वाढीवर. मार्चमध्ये पाच होतं, हे बायकोनं एकदाच सांगितलं. दलालीही द्यायची, ती शिकवणीच्या पैशांतून जाणार. करार तिच्या नावानं. मालकांची अट आहे की माझ्याशी बोलणार नाहीत.
मुलीनं खोकं रिकामं केलं. त्यात आता पान सहाचे उरलेले नऊ अंक आहेत.

२ जून
रंगकाम झालं नाही. बाथरूमचं दार तसंच.

ऑफिसात माझ्या टेबलावरचा फोन काढून नेलाय. साहेबांच्या कानावर कुणीतरी घातलं. (छत्रीवाला त्यांचा लांबचा भाचा निघाला.) मला आता वाहनतळांच्या दरांचं काम. तिथं फोन करायचा नाही, उन्हात उभं राहून गाड्या मोजायच्या. घरभाडी आकडेबाईंकडे गेली. त्या स्वतःच्या आवाजात फोन करतात आणि लोक त्यांना भाव सांगतात. असो.
दुपारी त्या नमुना क्रमांक सतराचा तक्ता पुरा करत होत्या. घर गेलं, वाढ दहा टक्के, नवा भाडेकरू: शिकवणी घेणाऱ्या बाई. शेवटचा रकाना होता: जुना भाडेकरू कुठे गेला? रकाना मीच घातला होता, संशोधनाला खोली यावी म्हणून.
त्यांनी मला विचारलं. म्हटलं, कुठे गेला नाही, तिथंच आहे.
त्या म्हणाल्या, असं कसं? घर तर दुसऱ्यांना दिलंय ना?
म्हटलं, हो. नव्या भाडेकरूंनी त्याला ठेवून घेतलंय.