बटण दाबून कळत नाही

१२ जानेवारी, रविवार

आज राजाबाईच्या थोबाडीत मारली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. हात अजून झिणझिणतोय.

मागच्या अंगणात शेगडी घासत बसली होती. तीच शेगडी — श्रेयाच्या बाजेखालची! मी भंगारात द्यायला गोणीत भरून ठेवली होती. हिनं परत काढली, राखेनं घासून लख्ख केली. विचारलं, कशाला? म्हणाली, सूनबाईचे दिवस भरत आले, तिला शेक लागंल. इतक्या सरळ आवाजात म्हणाली की — मारली.

रडली नाही. पदरानं गाल पुसला आणि पुन्हा घासायला लागली.

१३ जानेवारी

कुणाशी बोलता येत नाही. इथंच लिहितो.

आमची लेक श्रेया पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडं गारखेड्याला आली होती. बाळंत झाली आणि नोव्हेंबरात वारली. त्या सकाळी राजाबाईनं बाजेखाली निखारे ठेवले, वर ओवा-शोपा टाकल्या. वारा लागू नये म्हणून दार लावलं, खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या आणि बाळाला तेल लावायला बाहेर उन्हात घेऊन बसली. दार उघडलं तेव्हा पोरगी झोपल्यासारखी. गाल कधी नव्हे इतके लाल.

आदल्या दिवशी जावई सुयश बिडकीनहून डिंकाचे लाडू देऊन गेला होता. शवागाराच्या दारात राजाबाई ओरडली — लाडवात घातलं, पोरगी झाली म्हणून घातलं! झालं. आमच्या गोकुळनं बहिणीच्या नवऱ्याला तिथंच लोळवला. बुटानं तोंडावर मारत राहिला. चौघांना आवरेना. सुयशचा डावा डोळा गेला.

पोटात विष होतं का ते सांगणारा व्हिसेऱ्याचा रिपोर्ट अजून नाही. आमची तक्रार सुयशवर, त्यांची गोकुळवर. गोकुळ जामिनावर आहे. नात त्यांच्याकडं. बघू देत नाहीत. का देतील?

डिसेंबरात पेपरात वाचलं. थंडीत शेगडी पेटवून झोपलेले बापलेक गेले. बंद खोलीत निखाऱ्यांचा विषारी वायू साठतो; त्याला वास नाही, दिसत नाही. गाल लाल होतात असंही लिहिलं होतं. मी तो पेपर राजाबाईपुढं ठेवला. तिनं त्यावर मेथी निवडली.

त्या वायूचा अलार्म मिळतो म्हणे. मागवलाय.

१४ जानेवारी

संक्रांत. शेजारीण दारातूनच श्रेयाचं विचारायला आली. गोकुळनं तिच्या तोंडावर दार आपटलं.

१६ जानेवारी

अलार्म आला. साबणाच्या वडीएवढा पांढरा डबा. बटण दाबलं तर असा किंचाळला की गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. मनात म्हटलं, चालतोय. सुनेच्या, दिपालीच्या खोलीत — म्हणजे श्रेयाच्याच खोलीत — खिळा ठोकून लावला.

बाळंतिणीला न्हाऊ घालणारी मालनबाई बोलणी करायला आली होती. डब्याकडं बघून म्हणाली, "कॅमेरा व्हय? माझ्यावर पाळत ठेवता का काय भाऊ?" दिपाली हसली. ह्या घरात कुणीतरी हसलं.

१७ जानेवारी

सोबतचं इंग्रजी पत्रक डिक्शनरी घेऊन वाचलं. बटण दाबल्यावर फक्त भोंगा आणि बॅटरी तपासली जाते. वायू कळतो की नाही ते बटण दाबून कळत नाही!

म्हणजे काल मी काहीच तपासलं नाही. ओरडता येतं एवढंच समजलं. ओरडता तर राजाबाईलाही येतं.

१९ जानेवारी, रविवार

मोबाइलवर एक उपाय बघितला. पारदर्शक पिशवीत अलार्म घातला, पेटत्या उदबत्त्या आत धरून धूर भरला, तोंड बांधलं. थोड्या वेळानं डब्यावरचा आकडा चढायला लागला. मग वाजला.

राजाबाई देवघरातून आली. म्हणाली, "देवाच्या उदबत्तीलाबी बोंबलतंय हे! उदबत्तीनं कुणी मेलंय का आजवर? खोटारडं यंत्र आणलंत, मला खुनी ठरवायला." पिशवी हिसकावली, अलार्म काढला आणि भिंतीवर फेकून मारला. कवच तडकलं. मी तिचं मनगट पिरगाळलं. बांगडी फुटून तिच्या हातात घुसली. आम्ही दोघं रक्ताकडं बघत उभे राहिलो.

बटण दाबलं. वाजतो. पण बटणाचं आता काय खरं?

२० जानेवारी

ऑफिसात दिवसभर एकच डोक्यात. दिपालीला शेक मिळावा म्हणून राजाबाई हट्ट करत नाही. दिपाली शेगडीवर शेकून सुखरूप उठली, की श्रेयाही शेगडीनं मेली नाही असं ठरतं. मग लाडूच खरे. मग राजाबाई सुटली. म्हणून हिला दिपाली पाहिजे त्या बाजेवर!

रात्रभर तिच्या गळ्याकडं बघत होतो. हात उशीखाली दाबून ठेवले.

२२ जानेवारी

दिपालीला आई नाही, म्हणून बाळंतपण इथंच. आज ताट वाढताना हळूच म्हणाली, "मामा, मी आत्यांना नाय म्हणू शकत नाय. तुम्ही म्हणा." गोकुळला सांग म्हटलं. त्यांना सांगितलं, म्हणाली, तर त्यांनी आरशावर बुक्की मारली.

गोकुळला शेगडीचं नावच नको आहे. शेगडी खरी ठरली तर सुयशचा डोळा त्यानं कशाला काढला?

२६ जानेवारी, रविवार

आज खरी तपासणी केली.

राजाबाई आणि गोकुळ दोघांना समोर बसवलं. दिपालीला शेजारी पाठवलं. कोळसे पेटवले, निखारे तसेच बाजेखाली. ओवा टाकला. चिंध्यासुद्धा कोंबल्या — राजाबाई म्हणाली, करायचं तर तंतोतंत करा. तडकलेला अलार्म बाजेवर उशीच्या जागी ठेवला. दार लावलं.

राजाबाई लसूण सोलत बसली. गोकुळ मोबाइल बघत होता. मला वाटलं, वाजू नये. खरंच वाटलं. मरू दे, न वाजला तर बरं.

वाजला.

दाराआडून तो आवाज — थांबेचना. राजाबाईच्या हातातला लसूण तसाच. मग म्हणाली, "बिघडलंय ते. मी आपटलं होतं ना त्या दिवशी."

गोकुळ उठला. दारावर लाथ घातली, आत जाऊन शेगडी ओढत अंगणात आणली, लाथेनं उलथवली. निखारे पायावर पडले, त्याला कळलंही नाही. पाण्याच्या मोटारीचा लोखंडी पाइप उचलला. आईला म्हणाला, "तू म्हणालीस लाडू. तू म्हणालीस म्हणून मारला मी त्याला."

पाइप वर गेला. मी मध्ये घुसलो. खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला आतून ऐकू आला. राजाबाई जागची हलली नाही. मान खाली घालून बसली होती, जणू तिला तो स्वतःवरच पडू द्यायचा होता.

२७ जानेवारी

डॉक्टरला सांगितलं, जिन्यावरून पडलो. गोकुळ बाहेर बाकड्यावर बसून होता. त्याच्या पायाला पट्टी, माझ्या गळ्यात झोळी.

राजाबाई अजून म्हणतेय, यंत्र बिघडलंय.

२ फेब्रुवारी

दिपालीला मुलगी झाली. दोघी ठीक आहेत. गोकुळनं बाळाला हात लावला नाही. म्हणाला, "आबा, माझा हात नको लागायला."

६ फेब्रुवारी, गुरुवार

दिपाली घरी आली. अपेक्षेप्रमाणं राजाबाईनं शेगडीत कोळसे भरले, बाजेखाली सरकवली, खिडकी लावली. दिपाली बाळाला छातीशी धरून माझ्याकडं बघत होती.

मी भांडलो नाही. माझ्या अंगात आता भांडण उरलेलं नाही. अलार्म दिपालीच्या उशाशी ठेवला आणि काडेपेटी राजाबाईच्या हातात दिली. म्हटलं, "बिघडलंय ना यंत्र? लाव. मी थांबवत नाही. तुझी खात्री असंल तर लाव, दार ओढून घे आणि बाहेर उन्हात बस."

तिनं काडी ओढली. काडी बोटापर्यंत जळत आली. फेकली. दुसरी ओढली. बोटं भाजली तरी धरून ठेवली. बाजेखाली वाकली, निम्म्यातच थांबली. दिपालीचा श्वास ऐकू येत होता. माझाही.

तिसरी ओढलीच नाही. तिथंच फरशीवर बसली, बाजेच्या पायाला डोकं टेकून. दिपालीनं उठून खिडकी उघडली.

दार ओढता येऊ नये म्हणून मी दारातून दोन पावलंसुद्धा सरकलो नव्हतो, हे तिला कळलं असंल का, माहीत नाही.

७ फेब्रुवारी

राजाबाई जेवली नाही. मीही आग्रह केला नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

राजाबाई सकाळी न सांगता निघून गेली. दुपारी आली. ओठ फाटलेला, केस सुटलेले, पायात एकच चप्पल. गोकुळ विचारत राहिला, कुणी मारलं, नाव सांग. मी पाणी दिलं तेव्हा म्हणाली, "बिडकीनला जाऊन आले. सुयशला सांगितलं, लाडवात काय नव्हतं. पोरगी मी मारली."