मामांनी खुडलेलं फूल

रियाध

प्रिय नफिसा,

सलाम. मी ठणठणीत आहे. अम्मीचा गुडघा कसा आहे?

आमच्या मामांना (इथे मालकिणीला मामाच म्हणतात, हसू नकोस) आता अजिबात दिसत नाही. राणी व्हिक्टोरियाच्या काळात इंग्रजांकडे असायचं तसं त्यांचं काचघर आहे, आत पिओनी नावाच्या थंड मुलखातल्या फुलाची झाडं. फुलायला या झाडांना कडक थंडी हवी असते, म्हणून हिवाळाभर मी मुळांवर बर्फ घातला. कुणी शिकवलं नाही, पुस्तकं वाचून शिकलो.

यंदा फूल आलं नाही तर मामांचा मुलगा काचघर पाडणार होता, म्हणजे माझी नोकरी गेली.

परवा मामा त्याला म्हणाल्या, "फुललं बघ! पांढरं, आत लाल ठिपका."

त्याने मला विचारलं. मी खरं तेच सांगितलं, "कळीसुद्धा नाही."

मामा हसल्या. "मुबीन, डोळे तपासून घे." हवेतच काहीतरी खुडून त्यांनी माझ्या खिशात ठेवलं. "नफिसाला पाठव."

तुझं नाव मी इथे कुणालाच सांगितलेलं नाही.

खिसा रिकामाच होता, पण फुलाचा वास मुलालाही आला. काचघराला हात लावणार नाही म्हणतो. नोकरी शाबूत आहे, काळजी नको.

पत्र गावी निघालेल्या अदनानकडे देतोय. पाकिटात मी एवढा एकच कागद घातलाय. आणखी काही निघालं तर हात लावू नकोस, आधी मला फोन कर.

तुझा,
मुबीन