सुजेची वही

३ मार्च
पोचले एकदाची! नोकरी सुटल्यापासून तोंड लपवून बसले होते, तर ताईनेच बोलावून घेतलं. भाऊजींच्या मधमाश्यांच्या चाळीस पेट्या मागच्या अंगणात ओळीने मांडल्यात. त्यांच्या हाताखाली काम करायचं. माझी खोली पेट्यांच्या बाजूची, भरपूर उन्हाची. भाची टिंबू नऊ वर्षांची, पण तिला अंगणात पाऊल टाकायची बंदी. गेल्या वर्षी एकच माशी चावली आणि पोरीचा घसा बंद झाला. आज दिवसभर काचेला नाक चिकटवून मला वेडावत होती, द्वाड.

६ मार्च
हातमोजे एकच जोडी, भाऊजींची. उघड्या हातांनी कर, सवय होईल, असं ताईचं म्हणणं. मनगटावर पहिला डंख बसला. ताई पडली नर्स. लगेच शिवणाची टेप आणून सूज मोजली, दीड इंच, आणि वहीत टिपून ठेवली. इतकं कौतुक माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं. मी जरा लाडावलेच.

२ एप्रिल
आता रोज पाच-सहा डंख आणि सूज जेमतेम पाव इंच. ताईला असा आनंद, जणू मी वर्गात पहिली आले. थोडं थोडं विष मिळत गेलं की रक्त स्वतःच त्याच्यावर उतारा तयार करतं, म्हणाली. मग अशक्तपणा तपासायला म्हणून रक्त काढलं. बाटलीभर. तपासायला एवढं लागतं?
मी बाजारातून आणलेले हातमोजे कुठेच सापडत नाहीत.

२४ एप्रिल
पंधरा दिवस तापाने झोपून होते. डंख बंद. आज ताई कामावर गेल्यावर वही उघडली. माझ्या डंखांच्या शेजारी दुसरा रकाना: टिंबूला किती दिलं. माझ्या रक्तातला उतारा पोरीला टोचतात. अगं, नुसतं मागितलं असतंस तर मी नाही म्हणाले असते का?
आधीची पानं ताईच्या नणंदेची. ती लग्न होऊन लांब गेली, असं मला सांगितलं होतं. तिलाही मध्ये पंधरा दिवस डंख नाहीत. मग एकच. त्याच्यासमोर ताईच्या सुबक अक्षरात: सूज मोजता आली नाही.
त्यानंतर आठवड्याने मला बोलावणं आलं.

२५ एप्रिल
ताईला विचारलं. खंड पडला की एखादीचं रक्त उलटतं, मग एकच डंख जिवावर बेततो, हे तिला ठाऊक होतं. डोळ्यांत टिपूस नाही. "टिंबूला द्यायची वेळ टळून गेलीय, डंख पुन्हा सुरू करायला हवेत," म्हणाली. "तू माझ्या पाठची ना?"
उद्या सकाळीच निघते—

२६ एप्रिल
पांघरुणात माशी होती. खिडकी बंद. आपोआप कशी येईल—
मानेवर. एकच.
तळहात खाजतायत. ओठ जड.

दाराला बाहेरून कडी. खूप बडवलं. घसा उघडणारं इंजेक्शन घरात असतं, मी पाहिलंय. ताई दाराआडून म्हणाली, एकच उरलंय, ते टिंबूचं.

भाऊजीही बाहेरच आहेत. खोकला ऐकू आला. कडी कोणी—

श्वास शिट्टीसारखा—

दाराखालून टेप सरकवलीय. किती इंच, विचारतेय. माझी ताई मला—