अकरा उष्ट्या रोट्या

कोकंद, ३ ऑक्टोबर १९४८

चि. हमदम यास, शिल्लक असतील तेवढे आशीर्वाद.

हे पत्र गाडीवानाच्या हाती देतो आहे. टपालावर माझा विश्वास आहे. टपाल वाटेत वाचणाऱ्यांच्या आकलनशक्तीवर नाही.

माझी बहीण, म्हणजे तुझी चुलत आपा सानोबर, खाणीच्या इस्पितळात तीन वर्षं जपानी युद्धकैद्यांची शुश्रूषा करते. तिच्यावर चौकशी समिती बसली आणि त्या समितीचा चिटणीस तू, हे मला गाडीवानाकडून कळावं? अभिनंदन. वॉर्डाच्या भिंतीवर तिने अकरा उष्ट्या रोट्या टांगल्या, सबब ती शत्रूची हेर. मॉस्कोहून आलेल्या साहेबाने ती गुप्त लिपी समजून मोजपट्टीने दातांचे व्रण मोजले म्हणे. त्याचा दोष नाही. त्याच्या आईने त्याला असा निरोप कधी दिला नसेल. पण समितीतले तुम्ही तिघं तर इथल्याच तंदुरावर वाढलात. जाणाऱ्याने एक घास तोडायचा, उरलेली रोटी खुंटीला, आणि परतून त्यानेच ती संपवायची, हे एकालाही आठवू नये?

शस्त्रक्रियेला नेण्याआधी ती प्रत्येक कैद्याला घास तोडायला लावते. परत आले त्यांनी आपापल्या रोट्या खाल्ल्या. भिंतीवर उरल्या त्या न परतलेल्यांच्या. गुरुवारी समिती बसेल तेव्हा एवढंच बोल. नाहीतर तिला दहा वर्षं सक्तमजुरीची छावणी आहे.

अद्याप तुझा,
इनोयत

*

खाणवस्ती, ५ ऑक्टोबर

ती. इनोयत आका यांस सा. न. वि. वि.

आपलं पत्र वाचून चुलीत घातलं, राग मानू नये. इकडे सर्व क्षेम. खरबुजं यंदा उत्तम; दोन सोबत धाडली आहेत.

आका, तुम्ही कोकंदात बसून लिहिता, मला इथे राहायचं आहे. साहेबांनी रोट्यांचा अर्थ विचारला, तेव्हा आम्ही तिघंही चहाच्या किटलीकडे बघत राहिलो. कारण मुख्य डॉक्टरांनी वर कळवलंय की आजवर चारच कैदी दगावले. रोट्या अकरा. तुमचं वाक्य बोललो तर उरलेले सात कुठे लपवू?

तोडगा निघालाय. रोट्या उंदरांनी कुरतडल्या, असं आपाने म्हणायचं. निष्काळजीपणाचा ठपका, एक सही, सुटका. सगळे राजी, आपाच अडून बसलीय. म्हणते, एकेक घास तोडून थांबणारे उंदीर तुमच्या समितीपेक्षा संयमी दिसतात. तुम्ही तिला समजवा.

कृपाभिलाषी,
हमदम

*

कोकंद, ६ ऑक्टोबर

चि. हमदम,

खरबुजं गोड होती, असं शेजाऱ्याच्या गाढवाचं मत पडलं.

मदरशात मी व्याकरण शिकलो, तर्क शिकलो. मूषकशास्त्र तेवढं राहिलं होतं. ते तू पुरं केलंस. सानोबरला मी काहीही समजावणार नाही. आणि उंदरांची बदनामी करू नकोस. ते भ्याले की निदान पळतात. खुर्चीत बसून सह्या गोळा करत नाहीत.

इनोयत

*

खाणवस्ती, ८ ऑक्टोबर

ती. आका यांस सा. न.

काल समिती बसली. मी उंदीरच लिहिले. आपाने सही केली नाही. साहेब म्हणाले, ठीक आहे, मग उंदरांचं उष्टं भिंतीवर कशाला. काढा आणि उकिरड्यावर फेका. बघत होते माझ्याकडे.

मी उठलो, दोरी सोडली, रोटी हातात आली. पुढे हात चालेना. अन्न, आणि तेही गेलेल्याचं. साहेबांनी दुसऱ्याला सांगितलं, त्याने हात पाठीमागे बांधले. तिसऱ्याला खोकल्याची उबळ आली.

साहेब मूर्ख नाहीत. म्हणाले, तीन बाप्ये उंदराच्या उष्ट्याला का भितात? माझ्या तोंडून निघून गेलं, साहेब, ज्यांच्या आहेत ते अजून परतले नाहीत. किती, त्यांनी विचारलं. अकरा, मी म्हणालो. त्यांनी तो आकडा माझ्याच हातून लिहून घेतला.

सात मृत्यू लपवले म्हणून आज मुख्य डॉक्टरांना पकडून नेलं. आपावरचा हेरगिरीचा आरोप उडाला. कैद्यांशी सलगी केली म्हणून वॉर्डातून काढून धोबीखान्यात धाडलंय. आता तरी मनातली अढी काढावी.

आपला,
हमदम

*

कोकंद, ११ ऑक्टोबर

चि. हमदम यास,

खोटं लिहिताना तुझा हात अडला नाही, शिळी रोटी फेकताना अडला. तुझ्यापेक्षा तुझ्या हाताला जास्त कळतं. यापुढे समितीवर त्यालाच एकट्याला पाठवत जा.

अढी काढा म्हणतोस. अकरा हा आकडा झाला. माणसं कुठे आहेत? सानोबरला अकराही नावं पाठ आहेत, आणि प्रत्येकाचं गावही. तिकडे त्यांच्या आया अजून दाराकडे बघत असतील. चिटणीस तू, कागद तुझा, शिक्का तुझा. उद्या धोबीखान्यात जा. ती चादरी पिळत असेल. दुसरं टोक धर आणि ती सांगेल तसं एकेक नाव लिहून घे. टोमणे मारील, ते ऐक. त्यातला एकही खोटा नसेल.

तो कागद वर गेल्याशिवाय माझ्या दारात येऊ नकोस. लोभ वाढवावा एवढा आता उरलेला नाही. आहे तो संपायच्या आत जा.

इनोयत